एका माणसाची चार बीपी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांची (वय ६६) बायपास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला पाच मिनिटं आयसीयूत सोडलं, तेव्हा मॉनिटरवर एकाच वेळी चार प्रेशर दिसत होती. दंडाच्या पट्ट्याचं १२८/७६, मनगटात घातलेल्या नळीचं १४१/७०, ‘पीए’ म्हणून २८/१२ आणि ‘सीव्हीपी’ म्हणून नुसतं ८. सिस्टरांना विचारलंत तर ‘सगळं नॉर्मल आहे, काका मस्त आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. तर एका माणसाची चार बीपी कशी, आणि त्यातलं खरं कोणतं? शिवाय घरी आल्यावर पायांना सूज आहे, ती बीपीच्या गोळीमुळे येते म्हणतात, ते खरं का?

मी भूलतज्ज्ञ. सव्वीस वर्षं याच आकड्यांकडे बघत उभी आहे. चारही आकडे खरे आहेत. आपली गफलत ‘बीपी’ या शब्दात आहे. बीपी म्हणजे अख्ख्या माणसाचं प्रेशर असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते दंडातल्या एका धमनीचं, हृदयाच्या पातळीवर घेतलेलं प्रेशर असतं. रक्त हृदयातून निघून परत हृदयात येईपर्यंत ते प्रेशर खर्च होत जातं. कुठे किती खर्च होतं, एवढाच हा विषय आहे.

तुमची द्राक्षबाग आहे असं लिहिलंयत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. ठिबकच्या फिल्टरपाशी गेज असतं. तिथे दीड किलो प्रेशर असेल तर मेनलाइनच्या दुसऱ्या टोकाला किती असतं? पाइप योग्य मापाचा असेल तर थोडंसंच कमी. सबमेनमध्ये अजून थोडं कमी. लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरपर्यंतसुद्धा बऱ्यापैकी प्रेशर पोचतं, आणि मग त्या इवल्याशा ड्रिपरमध्ये ते सगळं संपतं. बाहेर पडतो तो थेंब. दीड किलोचा जोर आणि मुळाशी पडणारा थेंब यांच्यामध्ये ड्रिपरचा चिंचोळा मार्ग असतो. शरीरातही हेच आहे. (आकड्यांची गंमत म्हणून सांगते: गेजवरचा एक किलो म्हणजे ७३५ मिलिमीटर पारा. तुमच्या वडिलांचं सरासरी प्रेशर ९३. म्हणजे किलोचा एक अष्टमांश. एवढ्यावर डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं भिजतं.)

आता ते १२८/७६ आणि १४१/७०. यातल्या दोन आकड्यांपेक्षा आम्ही तिसऱ्याकडे जास्त बघतो, तो म्हणजे मीन, सरासरी प्रेशर. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा, त्याचा तिसरा हिस्सा खालच्यात मिळवा. हृदय आकुंचनापेक्षा सैल पडण्यात जास्त वेळ घालवतं, म्हणून निम्मा न घेता तिसरा हिस्सा. पट्ट्याचं येतं ९३.३. मनगटाचं ९३.७. बघा, दोन्ही एकच!

वरचा आकडा मनगटात जास्त का, हे मात्र विचारण्यासारखं आहे. कारण पुढे जाताना प्रेशर कमी व्हायला हवं ना? सरासरी कमी होतंच, पण महाधमनीपासून मनगटापर्यंत फार तर दोन-तीन मिलिमीटर. वरचा आकडा म्हणजे लाटेचा शेंडा. हृदयाच्या ठोक्याने उठलेली लाट धमन्यांच्या भिंतींवरून पुढे पळते, बारीक फांद्यांना आपटून मागे फिरते, आणि मागे फिरलेली लाट नव्या लाटेवर चढते. शिवाय हातापायाकडच्या धमन्या महाधमनीपेक्षा ताठ असतात. त्यामुळे शेंडा उंच होतो आणि तळ जरा खाली जातो. पायाच्या धमनीत तो अजून उंच असतो. म्हणून घोट्याचं वरचं प्रेशर दंडाच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्त असणं हेच निरोगी लक्षण, आणि दंडाच्या नऊ दशांशाखाली गेलं तर पायाच्या धमन्या चोंदल्याचा संशय घ्यायचा. वय वाढून महाधमनीच ताठरली की शेंड्यांमधला हा फरक कमी होतो. तुमच्या वडिलांच्या १३ मिलिमीटरमध्ये थोडा भाग मोजण्याच्या पद्धतीचाही असणार. पट्टा स्पंदनं पकडून मीन बऱ्यापैकी नेमका काढतो, वरचा-खालचा आकडा तो त्यावरून हिशेबाने लावतो.

एवढ्या लांबच्या प्रवासात धमन्यांमध्ये प्रेशर जवळपास पडतच नाही, हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते ज्याँ पोझ्वी या फ्रेंच डॉक्टरने. १८२८ साली पॅरिसमध्ये वैद्यकीचा प्रबंध लिहिताना त्याने पाऱ्याची वाकडी नळी करून जनावरांच्या धमन्यांमध्ये जोडली. हृदयाजवळची मोठी धमनी असो की दोन मिलिमीटर जाडीची लांबची, पारा जवळपास सारखाच चढला. मग प्रेशर पडतं कुठे? त्याहून बारीक वाहिन्यांत पडत असणार. त्यांच्यात नळी घालणं शक्य नव्हतं, म्हणून हा गृहस्थ काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजत बसला आणि त्यातून जो नियम निघाला तो आज इंजिनिअरिंगच्या मुलांनाही पाठ असतो: अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात. नळीची त्रिज्या निम्मी केली की अडथळा दुप्पट नाही, सोळापट. नुसती दहा टक्क्यांनी आवळली तरी दीडपट.

त्या बारीक वाहिन्या म्हणजे धमनिका, आमच्या बोलण्यात आर्टरिओल. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून बारीक, पण भिंतीत स्नायू भरपूर. सरासरी प्रेशर त्यांच्यात शिरताना सत्तर-ऐंशीच्या घरात असतं आणि बाहेर पडताना तीस-पस्तीस उरतं. शरीरातला सगळ्यात मोठा प्रेशरचा खर्च या काही मिलिमीटरांच्या प्रवासात होतो. नाडीची उडीही इथेच विरते, पुढे रक्त संथ वाहतं. इथे ठिबकची उपमा तोकडी पडते. ड्रिपरचं भोक ठरलेलं असतं. धमनिका मात्र क्षणाक्षणाला आवळते, सैल होते. जेवल्यावर आतड्यांकडच्या उघडतात, धावताना मांड्यांकडच्या, थंडीत कातडीकडच्या मिटतात. ज्याच्या-त्याच्या वाफ्याला स्वतंत्र चावी आहे आणि ती चावी बऱ्याच अंशी मज्जातंतूंच्या ताब्यात आहे.

हे मी रोज डोळ्यांसमोर बघते. सिझेरियनसाठी बाईच्या पाठीत भुलेचं इंजेक्शन देते. औषध दोन-तीन मिलिलिटरसुद्धा नसतं. पाय जड झाले असं ती म्हणते न म्हणते तोच मॉनिटरवर १२०चं ८५ होतं, तिला मळमळायला लागतं, चेहरा पांढरा पडतो. हृदय तेच, रक्त तेवढंच, एक थेंबही सांडलेला नाही. झालं एवढंच, की कमरेखालच्या चाव्या आवळून धरणारे तंतू सुन्न झाले आणि शिराही सैल पडून तिथे रक्त साठलं. मी फेनिलेफ्रिनचा थोडासा डोस देते, चाव्या आवळतात, मिनिटभरात प्रेशर जागेवर. पहिल्यांदा बघणारा इंटर्न घाबरतो. दुसऱ्या महिन्यात तोच सिरिंज भरून तयार ठेवतो.

पुढच्या टप्प्यावर एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. केशवाहिन्या तर धमनिकांपेक्षाही बारीक, एका लाल पेशीला अंग चोरून जावं लागतं इतक्या. मग चौथ्या घाताच्या हिशेबाने सगळं प्रेशर तिथे संपायला हवं. संपत नाही, कारण त्या अब्जावधी आहेत आणि शेजारी-शेजारी आहेत. एक अरुंद दार असेल तर गर्दी तुंबते, तसली हजार दारं असतील तर तुंबत नाही. महाधमनीचं तोंड तीनेक चौरस सेंटिमीटरचं. सगळ्या केशवाहिन्यांची तोंडं एकत्र केली तर ती अडीच हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतात. त्यामुळे तिथे रक्ताचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरही उरत नाही आणि ऑक्सिजन देण्याघेण्याला निवांत वेळ मिळतो.

केशवाहिनीतलं प्रेशर माणसात प्रत्यक्ष मोजलेलं आहे. यूजीन लँडिस या अमेरिकन संशोधकाने ते आकडे १९३० साली प्रसिद्ध केले. नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिथल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली वेणीच्या वेढ्यासारख्या दिसतात. त्यांत त्याने काचेची अतिसूक्ष्म सुई घातली. धमनीकडच्या बाजूला ३२, शिरेकडच्या बाजूला १२. एका वेढ्यात वीस मिलिमीटर खर्च! आणि भिंत किती जाड? मिलिमीटरचा हजारावा भागही नाही. ती फुटत कशी नाही, असं विचाराल. नळी जितकी बारीक तितका भिंतीवरचा ताण कमी, म्हणून. सायकलच्या टायरमध्ये मोटारीच्या टायरपेक्षा जास्त हवा भरली तरी चालते, त्याचं एक कारण हेच.

हे ३२ आणि १२ लक्षात ठेवा, पायाच्या सुजेपाशी परत लागतील. रक्तातली प्रथिनं पाणी आत ओढून धरतात, ती ओढ साधारण २५ मिलिमीटरची. आतून ढकलणारं प्रेशर आणि ही ओढ यांचा तोल जेमतेम सांभाळलेला असतो. जे थोडं पाणी झिरपतं ते लसिकावाहिन्या गोळा करून परत नेतात.

आता शिरा, आणि तुमचं सीव्हीपी ८. सलाईन लावलेला पेशंट बाथरूमला जातो, बाटली हातात खाली धरतो आणि ओरडतो, ‘सिस्टर, नळीत रक्त उलटं आलं!’ हे तुम्ही वॉर्डात बघितलं असेलच. शिरेत प्रेशर आठ-दहा मिलिमीटर पारा, म्हणजे दहा-चौदा सेंटिमीटर पाणी. बाटली हृदयाच्या वर एवढी असली तरी सलाईन आत जातं, त्याहून खाली आली की रक्त बाहेर येतं. त्यात तो उभा आणि हात खाली लोंबता, म्हणजे हाताच्या शिरेतलं प्रेशर आणखी वाढलेलं. तीच नळी मनगटाच्या धमनीला जोडली तर? मीटरभर उंच टांगलेल्या बाटलीचा जोर ७४ मिलिमीटर, धमनीत ९३. बाटलीकडेच रक्त चढेल. म्हणून वडिलांच्या मनगटाच्या नळीला जोडलेली सलाईनची पिशवी एका फुगवलेल्या जाळीत घातलेली दिसली असेल. ती ३०० मिलिमीटरपर्यंत फुगवतात.

स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्र्याने हाच फरक घोडीवर मोजला होता, १७३३ साली छापला. मांडीच्या धमनीत काचेची लांब नळी बसवली तर रक्त ८ फूट ३ इंच चढलं. मानेच्या शिरेत बसवली तर फूटभर. प्रयोग क्रूर होता, घोडी त्यात गेली. पण धमनी आणि शीर यांतलं अंतर इतक्या ढळढळीतपणे दाखवणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

घरी करण्यासारखं काही हवं असेल तर हात दोन मिनिटं खाली सोडा, मागच्या बाजूच्या शिरा टरारून येतील. मग हात सरळ ठेवून हळूहळू वर उचला. हृदयाच्या थोडं वर गेलात की त्या मिटतात. त्या उंचीवर तुमच्या शिरांचं प्रेशर संपलं. नाडी मात्र हात डोक्यावर नेलात तरी लागतेच.

सीव्हीपी म्हणजे हृदयाच्या उजव्या दारातल्या मोठ्या शिरेचं प्रेशर, साधारण दोन ते आठ. ८ हे वरच्या टोकाला आहे. नुकतीच बायपास झालेल्या माणसात, तेही व्हेंटिलेटरवर असेल तर, काही वावगं नाही. माझं मत विचाराल तर या एका आकड्याला आम्ही डॉक्टरांनी फार वर्षं नको तितका मान दिला. कमी दिसला की सलाईन चढवा, जास्त दिसला की थांबवा. शिरा या टाकीसारख्या आहेत, शरीरातलं दोन तृतीयांश रक्त त्यांत असतं आणि टाकी स्वतःच लहानमोठी होते. नुसत्या पातळीवरून पाणी किती हे कळत नाही. आता मी त्याचा कल बघते, एकटा आकडा नाही.

उंचीचा मुद्दा निघालाच आहे तर एक चूक सांगते, आमच्या टीमचीच. रात्री एका पेशंटचं मनगटातलं प्रेशर अचानक ११५चं ९२ झालं. नवा निवासी डॉक्टर, त्याने प्रेशर वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा वेग वाढवला. मी पोचले तर पेशंट गप्पा मारतोय, हातपाय गरम, दंडाच्या पट्ट्यावर ११८. झालं असं होतं, की मामांनी चादर बदलायला पलंग खाली घेतला होता आणि प्रेशर मोजणारा ट्रान्सड्यूसर स्टँडवर होता तिथेच राहिला. पलंग ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे मोजणी २२-२३ मिलिमीटर कमी. दर दहा सेंटिमीटरला साडेसात-आठ, हा हिशेब कुणालाच चुकत नाही. औषध परत कमी केलं, ट्रान्सड्यूसर छातीच्या मध्याच्या पातळीला आणला. घरी बीपी बघताना दंड हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवा म्हणतात ते याचसाठी.

उभ्या माणसाच्या पावलात हाच हिशेब लावा. हृदयापासून पाऊल सव्वा मीटर खाली, म्हणजे ९० मिलिमीटर जास्तीचे, धमनीतही आणि शिरेतही. स्तब्ध उभ्या माणसाच्या पावलातल्या शिरेत खरंच तेवढं असतं. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि ते प्रेशर तिसाच्या खाली येतं. दिवसभर एका जागी उभे राहणारे न्हावी, वाहतूक पोलीस, आणि हो, सर्जन यांच्या पायांवर निळ्या गाठी दिसतात त्या या झडपा हरल्यामुळे.

‘पीए’ २८/१२ म्हणजे फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीचं. त्याची सरासरी १७. लक्षात घ्या, मिनिटाला जे पाच लिटर रक्त साऱ्या शरीरातून फिरतं तेच पाच लिटर फुप्फुसातूनही जातं, पण शरीराला त्यासाठी ९३ वजा ८ म्हणजे ८५ मिलिमीटर खर्चावे लागतात आणि फुप्फुसाला आठ-दहा. तिथे आवळणाऱ्या चाव्या जवळपास नाहीतच. त्या नसणंच बरं. हवेच्या फुग्यांना चिकटलेल्या तिथल्या केशवाहिन्यांत प्रेशर पंचविसाच्या वर गेलं तर पाणी थेट हवेच्या जागेत उतरतं आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडतो.

मूत्रपिंडाचा प्रकार अगदी उलटा. तिथल्या केशवाहिन्यांच्या गुच्छात मुद्दाम पन्नास-साठ ठेवलेलं असतं, कारण गाळायचं आहे. त्यासाठी गुच्छाच्या आधी एक चावी आणि नंतर दुसरी. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत पाच ते दहा. तिथलं वाढलं तर अन्ननलिकेच्या शिरा फुगून रक्ताच्या उलट्या होतात, दारूने यकृत खराब झालेल्यांत आम्ही हे वारंवार बघतो.

आता सूज. गोळी ॲम्लोडिपिन असेल तर हो, तिच्याने येऊ शकते. ती धमनिका सैल करते, म्हणून दंडातलं बीपी उतरतं. पण चावी उघडली की पुढच्या वाफ्यात पाण्याचा जोर वाढणारच. शिरांकडची बाजू ती तेवढी उघडत नाही. मग ते ३२ वाढतं, २५ची ओढ कमी पडते आणि घोट्याशी पाणी साठतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. डोस कमी केला, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गटातलं, शिरांकडची बाजूही सैल करणारं औषध जोडलं, तर बऱ्याचदा उतरते. हे तुमच्या डॉक्टरांनी करायचं. वडिलांची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पण आधी एक बघा: सूज दोन्ही पायांना आहे की एकाच? गोळीची सूज दोन्हीकडे सारखी असते. बायपाससाठी एका पायातली लांब शीर काढतात, आणि टाक्यांची लांब खूण असलेला तोच पाय सुजला असेल तर कारण ते असू शकतं. परतीची एक वाट गेली, उरलेल्या शिरांना सवय व्हायला काही आठवडे लागतात. बसताना पाय उंच ठेवा, चालणं चालू ठेवा. पोटरी दुखरी, लाल किंवा गरम लागली, किंवा दम लागायला लागला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

त्या शिरेचं पुढे काय होतं तेही या हिशेबातच बसतं. पायात ती आडव्या माणसात आठ-दहा मिलिमीटरवर जगत होती. एका दुपारी ती उलटी करून (झडपा आड येऊ नयेत म्हणून) हृदयाच्या धमनीला शिवली, क्लॅम्प काढला, आणि पुढच्या ठोक्यापासून तिच्यावर नव्वदचं सरासरी प्रेशर. ती फुगलेली मी टेबलाच्या डोक्याकडून बघते. पुढच्या महिन्यांत तिची भिंत जाड होते, धमनीसारखी व्हायचा प्रयत्न करते. काही शिरांना ते जमतं, बऱ्याच काही वर्षांनी आतून अरुंद होतात. छातीच्या आतल्या धमनीचं कलम दहा वर्षांनी दहांत नऊ जणांत उघडं असतं, शिरेचं तितकं टिकत नाही. धमनीला त्या प्रेशरची जन्मापासून सवय असते, हे त्याचं एकमेव नसलं तरी मोठं कारण. वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘लिमा’ असं लिहिलेलं असेल, ती ही छातीची धमनी, आणि ‘एसव्हीजी’ म्हणजे पायातली शीर. दोन्ही किती आहेत ते बघून ठेवा आणि पुढच्या तपासणीला कार्ड सोबत न्या.